शाळेचा निकाल पाहण्याआधी पट वाचा

समजा, एकाच केंद्रात जिल्हा परिषदेच्या दोन प्राथमिक शाळा आहेत. एक गावठाणात, दुसरी तांड्यावर. दोन्हीकडे तिसरी ते पाचवीत मिळून 50-50 मुले. सगळ्यांना दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला दिला. गावठाणातल्या शाळेत 35 मुलांनी तो नीट वाचला, तांड्यावरच्या शाळेत 32 मुलांनी. म्हणजे 70 टक्के आणि 64 टक्के. केंद्राच्या बैठकीत एका शाळेचे अभिनंदन होईल आणि दुसरीला ‘मागे का?’ अशी विचारणा होईल. गावातले पालकही तोच अर्थ काढतील.

आता हेच आकडे उलगडून पाहू. गावठाणातल्या 50 मुलांपैकी 40 वर्षभर गावातच राहणाऱ्या घरांतली आहेत. 10 मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. गावात राहणाऱ्या 40 पैकी 32 वाचतात, म्हणजे 80 टक्के. स्थलांतर करणाऱ्या 10 पैकी 3 वाचतात, म्हणजे 30 टक्के. तांड्यावर गावात राहणारी मुले 20 आणि ऊसतोडीच्या घरांतली 30. त्या 20 पैकी 17 वाचतात, 85 टक्के. त्या 30 पैकी 15 वाचतात, 50 टक्के. गावात राहणारी मुले घ्या की स्थलांतर करणारी, दोन्हींत तांड्यावरची शाळा पुढे आहे. तरी एकूण आकड्यात ती मागे दिसते, कारण अवघड परिस्थितीतली मुले तिच्याकडे तिप्पट आहेत.

हे उदाहरण रचलेले आहे, पण त्यातली गोम अगदी खरी आहे. शाळेचा निकाल हा शिकवण्याचा आणि पटाचा मिळून बनलेला आकडा असतो. पट न पाहता निकालावर मत बनवले, तर चांगली शाळा वाईट ठरते आणि क्वचित ढिली शाळा चांगली ठरून जाते. तुम्ही पालक असाल, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य असाल किंवा ग्रामपंचायतीत असाल, तर गावच्या शाळेचे आकडे स्वतः वाचता यायला हवेत. त्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि थोडी चिकाटी पुरते.

कोणते कागद मागायचे

प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो. आपल्या राज्यातल्या शाळांचा क्रमांक 27 ने सुरू होतो. पुढचे अंक जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा सांगतात. हा क्रमांक बहुतेक शाळांच्या फलकावर किंवा दाखल्यावर असतो. यू-डायसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचे रिपोर्ट कार्ड मिळते. त्यात इयत्तावार मुले-मुली, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे अशी माहिती असते. मोबाइलवर पाच मिनिटांत हे काम होते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. मात्र ही माहिती वर्षातून एकदा भरलेली असते आणि त्यात मुले काय शिकली हे नसते. ते शाळेतच विचारावे लागते.

मुख्याध्यापकांना भेटून चार गोष्टी मागा: इयत्तावार पट, महिनावार सरासरी उपस्थिती, दोन्ही सत्रांच्या संकलित चाचण्यांचा वर्गवार गोषवारा, आणि मंजूर व कार्यरत शिक्षकपदे. तीन वर्षांचे मागा. एका वर्षावरून काही कळत नाही. मागताना सूर चौकशी समितीचा नको. ‘गुरुजी, आम्हाला शाळेचं चित्र समजून घ्यायचंय, मदत कुठे करता येईल ते बघायचंय,’ असे सांगितले तर बहुतेक मुख्याध्यापक आनंदाने सगळे दाखवतात. एरवी त्यांच्याकडून माहिती मागणारे वरचे कार्यालयच असते, आणि तीही बहुधा ‘तातडीने’ या शब्दासह.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा. मुलांची नावे, जात आणि गुण एकत्र असलेला कागद गावात फिरवू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका. तुम्हाला गोषवारा हवा आहे. ‘अमक्याची पोर नापास’ ही चर्चा पारावर सुरू झाली, तर ती पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही.

पटात काय पाहायचे

सर्वांत आधी पटाचा आकार पाहा. महाराष्ट्रात 20 किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळा 14 हजारांहून जास्त आहेत. अशा शाळेत चौथीच्या वर्गात 8 मुले असतील, तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. गेल्या वर्षी 7 मुले वाचत होती, यंदा 5 वाचतात. कागदावर निकाल 87.5 वरून 62.5 टक्क्यांवर घसरला. प्रत्यक्षात दोन हुशार मुली मामाच्या गावी गेल्या आणि दोन नवी मुले परराज्यातून आली, एवढेच घडलेले असू शकते. म्हणून छोट्या शाळेत टक्केवारी बाजूला ठेवा आणि मुले मोजा. ‘आठपैकी तीन जणांना वाचता येत नाही, ते तिघे कोण, आणि त्यांच्यासाठी काय करतो आहोत?’ या प्रश्नातून काम पुढे जाते. टक्क्यांवर वाद घालण्यात बैठक संपते.

दुसरी गोष्ट 30 सप्टेंबरच्या पटाची. शिक्षकपदे ठरवणारी संचमान्यता या तारखेच्या पटावर होते, त्यामुळे त्या दिवसाला शाळेच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. पण बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत खरे चित्र त्यानंतर बदलते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम ऊसतोड मजुरांच्या टोळ्या घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये त्या परततात. पालघर-ठाण्याकडे वीटभट्ट्यांचा हंगामही पावसाळा संपल्यावरच सुरू होतो. सप्टेंबरात पटावर 31 मुले असतात आणि जानेवारीत वर्गात 19. म्हणून महिनावार उपस्थिती मागितलीच पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च या पाच ओळी जूनच्या ओळीशेजारी ठेवा. मोठी तफावत दिसली, तर वार्षिक निकालाचे अर्धे स्पष्टीकरण तुमच्या हातात आले.

तिसरी गोष्ट घरच्या भाषेची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, भामरागडातले माडिया, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली किंवा पावरी, डहाणू-जव्हारकडे वारली, तांड्यांवर गोरमाटी. ही मुले पहिलीत येतात तेव्हा त्यांच्या कानाला पुस्तकातली मराठी अनोळखी असते. त्यांना अक्षर ओळखायचे असते, शब्द जोडायचा असतो आणि त्या शब्दाचा अर्थही नव्याने शिकायचा असतो. मराठी घरातले मूल यातले तिसरे काम घरूनच करून आलेले असते. पिंपरी-चिंचवड किंवा ठाण्यातल्या महापालिका शाळेत हेच बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांच्या मुलांबाबत घडते. मुंबई महापालिका आठ भाषांमधून शाळा चालवते, ती याच गरजेतून. पहिली-दुसरीच्या गुणांवरून अशा शाळेला नावे ठेवणे अन्याय आहे. तीच मुले चौथीपर्यंत कुठे पोचली, हे पाहा. पट वाचताना ‘किती मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत?’ हा प्रश्न विचारा. तो कोणत्याही रिपोर्ट कार्डावर ठळक दिसत नाही. वर्गशिक्षिका मात्र बोटांवर मोजून सांगतील.

रिपोर्ट कार्डावर मुलांची विभागणी सामाजिक प्रवर्गांनुसार दिसते. हे आकडे उपयोगी आहेत, पण जपून वाचायचे आहेत. अनुसूचित जमातीची मुले मागे दिसली, तर त्याचे कारण जमात नसते. पाड्यापासून शाळेचे अंतर, घरची भाषा, शेतात लागणारे हात, आईवडिलांपैकी कोणी शाळेचे तोंड पाहिले आहे की नाही, ही खरी कारणे असतात. प्रवर्गाचा आकडा तुम्हाला फक्त कुठे शोधायचे ते दाखवतो. म्हणून त्याच्या जोडीला दोन गोष्टी विचाराच: आई किती शिकली आहे, आणि घरात मुलाला अभ्यासात मदत करणारे कोणी आहे का. पहिल्यांदाच शाळेत येणाऱ्या पिढीच्या मुलाला संध्याकाळी घरी पुस्तक उघडून देणारे कोणी नसते. त्याचे जे काही शिकणे होते, ते शाळेच्या वेळेतच. त्यामुळे त्याच्या शाळेचा एक बुडालेला दिवस इतरांपेक्षा महाग पडतो.

मुले आणि मुली यांचे प्रमाणही पाहा. गावात दोन्ही जवळपास सारखे असताना झेडपीच्या शाळेत मुली बऱ्याच जास्त असतील, तर मुलांना फी भरून इंग्रजी माध्यमात आणि मुलींना फुकट शाळेत, अशी वाटणी घरोघरी झाली आहे, असे समजा. ही गोष्ट शाळेच्या निकालापेक्षा गावाबद्दल जास्त सांगते, आणि समितीच्या बैठकीत ती बोलली गेली पाहिजे.

शाळा सोडून कोण गेले, हेही पटाइतकेच महत्त्वाचे. नोकरदार आणि बागायतदार घरांतली मुले एकेक करून तालुक्याच्या शाळेत गेली की मागे राहिलेल्या वर्गाची सरासरी आपोआप खाली येते, गुरुजी तितकेच कष्ट घेत असले तरी. उलटही घडते. एखादी झेडपी शाळा नावारूपाला आली की दहा-बारा गावांतले जागरूक पालक तिथे रांग लावतात आणि शाळेचा निकाल आणखी उजळतो. त्या उजेडात शिक्षकांचा वाटा असतोच, पण नव्या पटाचाही असतो. खासगी शाळांच्या जाहिरातींनाही हाच नियम लावा. घरच्या परिस्थितीचा हिशेब धरला की खासगी आणि सरकारी शाळांमधल्या गुणांची दरी बरीच कमी होते, असे देशातल्या अनेक अभ्यासांत दिसले आहे.

कोरोनाचा काळ अजून पटावर आहे, हे विसरू नका. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर 2021 मध्ये उघडले. 2020-21 मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल जवळजवळ दोन इयत्ता वर्गात न बसता पुढे गेले. तीच तुकडी 2024-25 मध्ये पाचवीत होती. त्या वर्षीच्या पाचवीची तुलना आधीच्या किंवा नंतरच्या पाचवीशी करताना हे ध्यानात ठेवा.

शिक्षकसंख्येबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4. म्हणजे 55 मुलांच्या शाळेत पाच इयत्ता दोन शिक्षक सांभाळतात, आणि त्यातले एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की सगळी शाळा एकावर. मंजूर पद रिकामे किती महिने होते, हा आकडा निकालाशेजारी लिहून ठेवा.

निकालात काय पाहायचे, काय सोडून द्यायचे

प्रगतिपुस्तकावरच्या श्रेणीवरून दोन शाळांची तुलना करू नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्षभरातल्या शिक्षकांच्या नोंदींना असतो आणि 30 टक्के संकलित चाचणीला. तिसरी-चौथीला 60 आणि 40. ही पद्धत चांगली आहे, कारण लहान मुलाला तीन तासांच्या पेपरात मोजणे क्रूरच. पण एका शाळेतले ‘अ-2’ आणि दुसऱ्या शाळेतले ‘अ-2’ एकच असेल, याची खात्री देता येत नाही. प्रगतिपुस्तक तुमच्या मुलाबद्दल त्याच्या बाईंशी बोलण्यासाठी आहे.

‘आमच्या शाळेची इतकी मुले शिष्यवृत्तीधारक’ हा फलक अभिमानाने लावला जातो आणि तो लावावाच. फक्त एक प्रश्न विचारा: वर्गात किती, परीक्षेला बसली किती? वर्गातल्या 24 पैकी निवडक 6 मुलांचे जादा तास घेऊन त्यातली 4 शिष्यवृत्तीत आणली, तर उरलेल्या 18 जणांचे काय, हे फलक सांगत नाही. शाळेची खरी परीक्षा वर्गातल्या शेवटच्या बाकावर होते, असे माझे ठाम मत आहे.

वर्तमानपत्रांत गाजणारे सर्वेक्षणांचे आकडे गावच्या शाळेला चिकटवू नका. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणारे ‘असर’ सर्वेक्षण एका जिल्ह्यातली 30 गावे आणि गावातली 20 घरे निवडून केले जाते. केंद्र सरकारचे ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 रोजी झाले, तेही निवडक शाळांतल्या तिसरी, सहावी आणि नववीचे. राज्य किंवा जिल्हा कुठे आहे, ते त्यातून कळते. तुमची शाळा कुठे आहे, ते कळत नाही. त्यांचा उपयोग अंदाजासाठी जरूर करा. ‘असर 2024’ मध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची 23.4 टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. 2022 मध्ये हे प्रमाण 16.3 टक्के होते. तुमच्या गावच्या तिसरीत निम्मी मुले वाचत असतील, तर शिक्षकांना शाबासकी द्या आणि उरलेल्या निम्म्यांकडे वळा.

मग धरायचे काय? तीच मुले, दोन वेळा. यंदाच्या चौथीची तुलना गेल्या वर्षीच्या चौथीशी करण्यापेक्षा यंदाच्या चौथीची तुलना तिच्याच तिसरीशी करा. जून-जुलैमध्ये किती मुले अक्षरांवर होती, किती शब्दांवर, किती उताऱ्यावर. एप्रिलमध्ये ती कुठे पोचली. शिक्षकांकडे या स्तरांच्या नोंदी असतात. ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाने समजून वाचावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. वाचनाचा वेग मिनिटाला 60 शब्द धरला आहे. मुलाने सुरुवात कुठून केली, हे त्या आकड्यात नाही. मिनिटाला 10 शब्दांवरून 45 वर आलेले कोरकू मूल उद्दिष्टाच्या अलीकडे राहते, पण त्याच्या शाळेने वर्षभरात केलेले काम 55 वरून 65 वर आलेल्या मुलाच्या शाळेपेक्षा मोठे आहे. दोन्ही आकडे लिहा: कुठे पोचले आणि किती चालून आले. पहिला आकडा सोडून देणेही चुकीचे, कारण पुढच्या इयत्तेचे पुस्तक मुलाची सुरुवात विचारत नाही. शिवाय 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास पुनर्परीक्षा आली आहे, त्यामुळे मागे राहिलेले मूल पाचवीत अडकू शकते.

घरीही एक साधी तपासणी करता येते. बालभारतीच्या खालच्या इयत्तेच्या पुस्तकातला, मुलाने आधी न वाचलेला, चार-पाच वाक्यांचा उतारा द्या. पाठ झालेली कविता चालणार नाही. सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट द्या. अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरे. वाचून झाल्यावर गोष्टीत काय घडले, ते त्याच्या भाषेत सांगायला लावा. गणितात 52 मधून 27 वजा करायला सांगा, म्हणजे हातचा कळतो का ते दिसेल. मोठ्या मुलाला तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला द्या. शेजारीपाजारी बसवू नका, घड्याळ दाखवू नका, चुकले तरी कपाळाला आठी नको. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तर गावातल्या दहावी-बारावीच्या मुलीला बसवा. ती हे काम उत्तम करते.

पट कळल्यावर करायचे काय

इथे एक सावधगिरी. पटाची माहिती फार लवकर निमित्त बनते. ‘आमच्याकडची पोरंच तशी’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून येते, पालकांच्या तोंडूनही येते. अमेरिकेत 1966 साली जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 4 हजार शाळांची पाहणी झाली, तेव्हा मुलांच्या गुणांचा संबंध शाळेच्या इमारतीपेक्षा आणि खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त दिसला. काहींनी त्यातून शाळेच्या हाती काही नाही, असा अर्थ काढला. तो अर्थ आपल्याच मुंबईने खोटा पाडला. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी उपक्रम चालवला. वस्तीतल्याच तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळे घेऊन वाचन आणि गणिताच्या पायऱ्या चढवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला. मुलांच्या घरची परिस्थिती तीच होती, तरी गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा तळाच्या मुलांना झाला. तुमच्या गावात बारावी झालेल्या, घरी असलेल्या दोन मुली शोधा. शाळेच्या परवानगीने आणि वर्गशिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली रोज तास-दोन तास मिळाले, तरी अक्षरांवर अडकलेली मुले हलतात.

बाकी काम शाळा व्यवस्थापन समितीचे. कायद्याने या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्याच कलमात आणखी एक अट आहे, जी गावोगाव विसरली जाते: वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. पटावर 40 टक्के मुले ऊसतोडीच्या घरांतली आणि समितीत एकही ऊसतोड कामगार नाही, असे असेल तर ही समिती त्या शाळेची नाही. पुढच्या निवडीत ते दुरुस्त करा. बैठक मजुरी बुडणार नाही अशा वेळी घ्या, नाहीतर निवडलेला सदस्यही येऊ शकणार नाही.

शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो. त्यात रंगरंगोटी, कमान, डिजिटल फळा हे सगळे असते. या वेळी त्यात पटातून निघालेली कामे आधी लिहा. स्थलांतर असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, म्हणजे मूल आजी-आजोबांजवळ राहील आणि त्याच्या जेवणाची, अभ्यासाची सोय गावातच होईल. हा प्रस्ताव दिवाळीनंतर लिहायला घेतला तर उपयोग नाही. तो पावसाळ्यातच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. घरची भाषा वेगळी असेल तर पहिलीच्या वर्गासाठी ती भाषा बोलणारी एक मदतनीस आणि दोन्ही भाषांतले शब्दांचे तक्ते. विशेष गरजा असलेली मुले पटावर असतील तर विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येतात, याची नोंद. पाडा लांब असेल तर नाला भरून वाहतो त्या दिवसांत मुले कशी येणार, याचे उत्तर. कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा धरली आहे; ते अंतर चालून मोजा.

आणि जी मुले आईवडिलांबरोबर जाणारच आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी त्यांच्या पालकांना आजच सांगा. पहिली, निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. मूल कुठपर्यंत शिकले आहे, हे त्यात लिहिलेले असते आणि कारखान्याजवळच्या शाळेला तिथून पुढे शिकवता येते. दुसरी, दाखला हातात नाही म्हणून कोणतीही सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात हे स्पष्ट लिहिले आहे. मुकादमाची उचल घेतलेल्या घरात या गोष्टी सांगायला शिक्षकच जातील, अशी वाट पाहू नका. सप्टेंबरच्या बैठकीत समितीने घरे वाटून घ्यावीत आणि टोळ्या निघायच्या आत प्रत्येक दारी जाऊन यावे.